कोकमाच्या सालीतून नेमके काय काढायचे आहे? वनस्पतींतील जैवसक्रिय घटक वेगळे काढण्याच्या पद्धती

रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, एकाच फळापासून कोकणातल्या घरांत मीठ लावून आगळ काढतात, साखर लावून सरबताचा पाक काढतात, आणि वाळलेल्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वर तरंगणारी चरबी गोळा करून मुठेल करतात. या तिन्ही कृती म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत निष्कर्षण, म्हणजे पदार्थातून हवा तो घटक वेगळा काढणेच आहे. मीठ आणि साखर सालीच्या पेशींतले पाणी बाहेर ओढून घेतात आणि त्या पाण्याबरोबर लाल रंग व आंबटपणा बाहेर येतो. बियांतली चरबी पाण्यात विरघळत नाही, पण साधारण चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणून उकळत्या पाण्यावर ती तरंगते आणि थंड झाल्यावर घट्ट होते. फळ एकच असले तरी त्यातून काय हवे आहे त्याप्रमाणे कृती बदलते, ही गोष्ट या घरगुती ज्ञानात आधीपासूनच आहे. वनस्पतींपासून औषधी अर्क, रंग किंवा तेल काढण्याच्या आधुनिक पद्धतींची तुलना करतानाही हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असतो आणि बहुतेक वेळा तोच विसरला जातो. ‘सर्वांत चांगली पद्धत कोणती’ हा प्रश्न काय काढायचे आहे हे ठरल्याशिवाय विचारताच येत नाही.

कोकमाची सालच घेऊ. तिच्यात तीन वेगवेगळ्या स्वभावाचे घटक आहेत. पहिला म्हणजे अँथोसायनिन गटातली लाल रंगद्रव्ये. ती पाण्यात सहज विरघळतात, आम्लात लाल राहतात, आम्लता कमी झाली की निळसर होतात आणि उष्णतेने हळूहळू नष्ट होतात. दुसरा घटक हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल हा आहे. वाळलेल्या सालीत त्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे जाते. तेही पाण्यात विरघळते, मात्र द्रावण आटवताना त्याचा काही भाग लॅक्टोन या वेगळ्या रूपात बदलतो. तिसरा घटक गार्सिनॉल. हा पिवळा, स्निग्ध स्वभावाचा पदार्थ सालीत साधारण दोन ते तीन टक्के असतो आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आगळात आणि सरबतात पहिले दोन घटक भरपूर उतरतात, तर गार्सिनॉल बहुतांशी चोथ्यातच राहतो. त्यामुळे ‘कोकमाचा अर्क’ असे लिहिलेल्या दोन बाटल्यांत एकमेकांशी फारसा संबंध नसलेले पदार्थ असू शकतात आणि तरीही दोन्ही लेबले खोटी नसतात.

यामागचे तत्त्व असे की पाण्यासारख्या विद्युतभार विषम वाटल्या गेलेल्या, म्हणजे ध्रुवीय रेणूंत तशाच प्रकारचे रेणू विरघळतात आणि तेलकट द्रावकात, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, तेलकट रेणू विरघळतात. द्रावकांचा असा एक पट्टा मांडला तर एका टोकाला पाणी आहे, दुसऱ्या टोकाला तेलकट स्वभावाचा हेक्झेन आहे, आणि मध्ये मिथेनॉल, इथेनॉल, ॲसिटोन आणि इथाइल ॲसिटेट येतात. इथेनॉलचे स्थान मोठे सोयीचे आहे. त्यात पाणी कमी-अधिक मिसळून त्याचा स्वभाव हवा तसा वळवता येतो, आणि थोडे पाणी असले की वाळलेली पेशी फुगते व द्रावकाला आत शिरणे सोपे जाते. म्हणूनच औषधी वनस्पतींच्या अर्कांसाठी शुद्ध इथेनॉलपेक्षा साठ-सत्तर टक्क्यांचे इथेनॉल अनेकदा जास्त उपयोगी ठरते. हळदीतला कर्क्युमिन मात्र पाण्याला दाद देत नाही. त्यासाठी बऱ्याच तीव्र इथेनॉलची किंवा ॲसिटोनची गरज लागते, आणि नुसत्या पाण्याच्या काढ्यात तो फारच थोडा उतरतो.

द्रावक योग्य निवडला तरी काम तिथे संपत नाही. त्याला पेशीभित्तिका ओलांडून आत जावे लागते, घटक विरघळवावा लागतो आणि तो घेऊन पुन्हा बाहेर यावे लागते. ही ये-जा संथ असते. भरड जितकी बारीक तितकी ती लवकर होते, पण पीठ फार बारीक झाले तर गाळणे अवघड होते आणि नको असलेले घटकही जास्त येतात. शिवाय आतल्या आणि बाहेरच्या द्रावातले प्रमाण सारखे झाले की प्रक्रिया थांबते, मग ते आणखी आठवडाभर मुरत ठेवले तरी फरक पडत नाही.

इथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, आपली भरड गाळून झाल्यावरही 100 मिलिलिटर द्राव धरून ठेवते आणि घटक सगळ्या द्रावात सारखा पसरतो. एकदाच 400 मिलिलिटर द्रावक घातले तर 300 मिलिलिटर हाती येते आणि चौथा हिस्सा, म्हणजे 25 टक्के घटक चोथ्यात राहतो. तेच 400 मिलिलिटर दोनदा विभागून, आधी 250 आणि गाळून झाल्यावर 150, असे वापरले तर पहिल्या वेळी 40 टक्के मागे राहतो आणि दुसऱ्या वेळी त्या चाळीसचे 40 टक्के, म्हणजे एकूण 16 टक्केच. द्रावक तेवढाच, हाती आलेला द्रवही तेवढाच, पण मिळकत 75 वरून 84 टक्क्यांवर गेली. महागडे यंत्र घेण्याआधी लहान उद्योजकाने हा हिशेब जरूर करावा, असे मला मनापासून वाटते, कारण या सुधारणेला जास्तीचा द्रावक किंवा नवे यंत्र लागत नाही, फक्त पुन्हा एकदा मुरवण्याची आणि गाळण्याची मेहनत लागते.

हेच विभागून धुण्याचे काम आपोआप करणारे काचेचे उपकरण फ्रान्झ फॉन सॉक्सलेट याने 1879 मध्ये मांडले. खालच्या चंबूत द्रावक उकळतो, त्याची वाफ वर जाऊन थंड होते, ताजा द्रावक भरडीवर पडतो आणि भांडे भरले की घटकांसह पुन्हा चंबूत उतरतो. त्याने ते दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी केले होते आणि आजही बियांतले तेल मोजायला ते उत्तम आहे. पण त्याची एक मर्यादा जन्मजात आहे. भरडीवर द्रावक सौम्य उष्ण असला तरी बाहेर आलेला घटक खालच्या चंबूत तासन्तास उकळत राहतो. कोकमाच्या लाल रंगासाठी ही पद्धत वापरली तर निघालेला रंग निघता निघताच खराब होत जाईल. त्यासाठी थंड, किंचित आम्लयुक्त पाणी किंवा पाणीमिश्रित इथेनॉल अधिक चांगले. कोकम स्वतःच अतिशय आंबट असल्यामुळे रंग टिकवण्याचे निम्मे काम सालच करते.

उष्णतेने एखाद्या औषधाचे काय होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण चीनमधले आहे. हिवतापावर उपयोगी म्हणून सांगितलेल्या एका दवण्याच्या जातीचे अर्क तू यूयू यांच्या गटाने 1970 च्या सुमारास तपासले, तेव्हा परिणाम कधी दिसे, कधी दिसत नसे. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याने ही वनस्पती उकळायला न सांगता पाण्यात भिजवून, पिळून रस घ्यायला सांगितले होते. त्यावरून उष्णतेनेच गुण जात असावा अशी शंका तू यूयू यांना आली. त्यांनी सुमारे 35 अंशांना उकळणारा ईथर वापरला, आणि 1971 मध्ये मिळालेला तो अर्क हिवतापाची लागण केलेल्या उंदरांवर पूर्णपणे परिणामकारक ठरला. पुढे त्यातूनच आर्टेमिसिनिन मिळाले आणि 2015 मध्ये तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पती तीच होती, द्रावक आणि तापमान बदलले.

याच तोडीचे उदाहरण सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या काजू कारखान्यांत रोज घडते, पण त्याकडे त्या नजरेने पाहिले जात नाही. काजूबीच्या टरफलात जे हाताला भाजणारे दाट तेल असते, त्यात नैसर्गिक अवस्थेत साठ टक्क्यांहून अधिक भाग ॲनाकार्डिक आम्लाचा असतो. अनेक जंतूंना रोखण्याची क्षमता या आम्लात प्रयोगशाळेत दिसली आहे, त्यात दात किडवणारे जंतूही आहेत. मात्र बी तापलेल्या तेलात किंवा ड्रममध्ये भाजली की या आम्लाच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचे कार्डेनॉल बनते. भाजणीतून मिळणाऱ्या व्यापारी तेलात मग मुख्य घटक कार्डेनॉल असतो. त्याला रेझिन, रंग आणि वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरांसाठी चांगली मागणी आहे, म्हणून भाजणे ही चूक नव्हे. परंतु ज्याला ॲनाकार्डिक आम्ल हवे आहे त्याने भाजलेल्या टरफलांचे तेल कितीही उत्तम यंत्राने काढले तरी उपयोग नाही, कारण घटक यंत्रापर्यंत पोचण्याआधीच बदललेला असतो. वाफवून फोडलेल्या बियांच्या टरफलांत तो बराच टिकून असतो, आणि ती टरफले घाण्यात दाबून किंवा थंड द्रावकाने त्याचे तेल काढता येते. त्या तेलाचे काम करणाऱ्यांनी हातमोजे वापरलेच पाहिजेत. काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांवरचे डाग या तेलाचे गुणधर्म कोणत्याही तक्त्यापेक्षा स्पष्ट सांगतात.

सुगंधी तेलांसाठी वाफेचे उर्ध्वपातन ही जुनी आणि अजूनही समर्थ पद्धत आहे. पाणी आणि त्यात न मिसळणारे तेल यांची वाफ एकत्र तयार होते तेव्हा दोघांच्या बाष्पदाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की पुरते. त्यामुळे लवंग-दालचिनीच्या पानांतला युजेनॉल, जो एकटा असता तर 254 अंशांना उकळला असता, तो वाफेबरोबर शंभर अंशांच्या आतच वर येतो. द्रावक विकत घ्यावा लागत नाही आणि तेलात त्याचा अंशही राहत नाही. पण या पद्धतीत उडणारेच घटक येतात. मिरीचे उदाहरण घ्या. मिरीच्या उर्ध्वपातित तेलात मिरीचा वास असतो, तिखटपणा नसतो, कारण तिखटपणा देणारे पायपरीन उडत नाही. ते हवे असेल तर इथेनॉल किंवा ॲसिटोनने ओलिओरेझिन, म्हणजे तेल आणि राळेसारखे न उडणारे घटक एकत्र असलेला दाट अर्क, काढावे लागते. नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून येणाऱ्या जायफळाचेही तसेच आहे. वाफेने त्याचे सुगंधी तेल मिळते, दाबाने घट्ट लोणी मिळते आणि द्रावकाने दोन्ही एकत्र मिळतात.

आता यंत्रांच्या मदतीने वेग वाढवणाऱ्या पद्धतींकडे वळू. अल्ट्रासाऊंड पद्धतीत वीस किलोहर्ट्झच्या आसपासच्या किंवा त्याहून वरच्या ध्वनिलहरी द्रवात सोडतात. त्यांमुळे सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना क्षणभर फार मोठा दाब आणि उष्णता निर्माण होते. त्या धक्क्याने पेशीभित्तिका फाटतात, त्यामुळे तासांचे काम मिनिटांवर येऊ शकते, आणि भांड्याला थंड पाण्याचे आवरण असेल तर एकूण तापमानही आटोक्यात ठेवता येते. कोकमाच्या रंगासारख्या नाजूक घटकासाठी ही पद्धत मला विशेष योग्य वाटते. मात्र फार वेळ चालवली तर याच बुडबुड्यांतून तयार होणारे क्रियाशील रेणू घटकांना खाऊ लागतात, आणि लहरींचा जोर त्या सोडणाऱ्या कांडीच्या जवळच असल्याने छोट्या चंबूतले निकाल दोनशे लिटरच्या टाकीत तसेच मिळत नाहीत.

मायक्रोवेव्ह पद्धतीत उष्णता बाहेरून आत न जाता आतल्या पाण्याच्या रेणूंतच निर्माण होते. पेशीतले पाणी तापून दाब वाढतो आणि पेशी आतून फुटते. इथे द्रावकाचा स्वभाव पुन्हा महत्त्वाचा ठरतो, कारण पाणी आणि इथेनॉल या लहरी शोषतात, तर हेक्झेन जवळजवळ शोषत नाही. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये इथेनॉल किंवा दुसरा कोणताही ज्वलनशील द्रावक कधीही ठेवू नये. त्याची वाफ पेट घेते. या कामासाठीची उपकरणे वेगळ्या बांधणीची असतात.

सर्वांत जास्त कुतूहल असते ते सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडचे. हा वायू 31.1 अंश सेल्सिअस आणि सुमारे 74 बार दाबाच्या पलीकडे नेला की तो वायूसारखा सूक्ष्म छिद्रांत शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. दाब बदलला की त्याची घनता आणि विरघळवण्याची ताकद बदलते, आणि दाब सोडला की तो उडून जातो व मागे द्रावकाचा अंश राहत नाही. जर्मनीत कुर्ट झोसेल याने 1960 च्या दशकात यावर केलेल्या कामातून कॉफीतले कॅफिन काढण्याचा उद्योग उभा राहिला. जायफळ, मिरी, कोकमाच्या बिया आणि आंब्याच्या कोयी यांच्या स्निग्ध घटकांसाठी ही पद्धत देखणी आहे. परंतु कार्बन डायऑक्साइडचा स्वभाव हेक्झेनच्या जवळचा आहे. कोकमाचे लाल रंगद्रव्य त्याला एकट्याने काढता येत नाही, त्यात इथेनॉलसारखा सहद्रावक मिसळावा लागतो, आणि तरीही पाण्याइतके सोपे ते होत नाही. शेकडो बार दाब सोसणारी भांडी, पंप आणि प्रशिक्षित माणसे यांचा खर्च मोठा असतो. जिथे माल वर्षातून दोन महिनेच येतो तिथे ते यंत्र उरलेले दहा महिने काय करणार, याचे उत्तर खरेदीआधी हवे.

दाबाखाली तापवलेले पाणी हाही एक पर्याय आहे. 250 अंशांना, सुमारे 40 बार दाबाखाली, पाण्याचा द्वि-विद्युतांक (ध्रुवीयतेचे एक माप) 80 वरून 27 पर्यंत उतरतो आणि ते अल्कोहोलसारखे वागू लागते. उष्णता सोसणाऱ्या घटकांसाठीच ते उपयोगी आहे. पेक्टिनेज व सेल्युलेज ही विकरे (एन्झाइम) पेशीभित्तिका सैल करून रस वाढवतात, पण ती स्वतंत्र पद्धत नसून इतर पद्धतींची मदतनीस आहेत.

द्रावक पूर्ण निघून गेला की नाही, हे खाण्यापिण्याच्या आणि औषधाच्या अर्कांत तपासावेच लागते. औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादांनुसार दशलक्ष भागांत हेक्झेनचे 290, मिथेनॉलचे 3000 आणि इथेनॉलचे 5000 भाग चालतात. प्रयोगशाळेतले बरेच आकडे मिथेनॉल वापरून काढलेल्या अर्कांचे असतात, कारण त्याने विश्लेषण सोपे होते. ते आकडे वाचून घरी किंवा लघुउद्योगात मिथेनॉल वापरणे धोक्याचे आहे, कारण तो विषारी असून त्याने दृष्टी जाऊ शकते. इथेनॉल त्या मानाने सुरक्षित आहे, मात्र महाराष्ट्रात तो बाळगण्यासाठी आणि वापरण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, आणि प्रकल्प आखताना ही बाब शेवटी लक्षात येऊन चालत नाही.

तुलनेचे आकडे वाचतानाही सावध राहावे लागते. ‘अमुक पद्धतीने अर्क दुप्पट मिळाला’ या वाक्यात अर्काचे एकूण वजन मोजले आहे की हवा तो घटक, हे पाहावे. गरम पाण्याने वजन वाढते, पण त्यात साखर, पेक्टिन आणि क्षारच जास्त असू शकतात. एकूण फिनॉल मोजण्याची जी रंगाची चाचणी सर्रास वापरली जाते, ती क जीवनसत्त्वालाही प्रतिसाद देते. कोकमाच्या रंगासाठी पीएच 1.0 आणि 4.5 या दोन आम्लतांवर रंग मोजून फरक काढण्याची पद्धत जास्त विश्वसनीय आहे, आणि एकेका घटकाचे नेमके प्रमाण हवे असेल तर एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रचाचणी, करून घ्यावी. याशिवाय दोन्ही पद्धतींत कच्चा माल एकाच बागेतला, एकाच पक्वतेचा आणि सारखा वाळवलेला होता का, हा प्रश्न उरतोच.

वाळवण्याचा मुद्दा कोकणात इतरत्र नसेल इतका मोठा आहे. रातांबे पिकण्याचा हंगाम आणि मृगाचा पाऊस एकमेकांना भिडतात. दमट हवेत अर्धवट सुकलेल्या सालीत बुरशी येते आणि सालीतली विकरे रंग नासवतात. शिवाय उरलेले पाणी द्रावकात मिसळून त्याची तीव्रता कमी करते. नव्वद टक्के म्हणून वापरलेले इथेनॉल ओल्या सालीत प्रत्यक्षात बरेच सौम्य झालेले असते आणि मग गार्सिनॉल का उतरला नाही ते कळत नाही. माझ्या मते कोकणातल्या बहुतेक छोट्या प्रक्रिया केंद्रांना नव्या निष्कर्षण यंत्रापेक्षा चांगल्या सौर किंवा गरम हवेच्या वाळवणी यंत्राचा फायदा आधी होईल.

कच्च्या मालाचा आणखी एक पैलू सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असते. मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी 1966 मध्ये ते एका चिनी वृक्षातून वेगळे केले होते, आणि 1972 मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी ते नरक्यात असल्याचे दाखवले. कर्करोगावरची टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे याच रेणूपासून बनली. परिणाम असा झाला की घाटातल्या नरक्याची मोठ्या प्रमाणावर तोड झाली. निष्कर्षण कार्यक्षम नसेल तर तेवढ्याच घटकासाठी जास्त झाडे लागतात. म्हणून अशा जंगली वनस्पतींच्या बाबतीत मिळकत वाढवणे, खोड-मुळाऐवजी पाने व फांद्या वापरून पाहणे आणि लागवड करणे हे प्रश्न नफ्याआधी येतात.

कोकमाच्या बाबतीत सुदैवाने झाड तोडावे लागत नाही, आणि एकाच सालीचा क्रमाने उपयोग करता येतो. आधी थंड पाण्याने दोन-तीनदा रंग आणि आम्ल काढून घ्यावे आणि ते कमी दाबाखाली, कमी तापमानावर आटवावे. उरलेला चोथा चांगला वाळवावा आणि मग तीव्र इथेनॉलने त्यातला गार्सिनॉल काढावा. क्रम उलटा केला तर इथेनॉलमध्ये रंग आणि आम्लही येतात आणि ती तिन्ही पुन्हा वेगळी करण्याचा खर्च वाढतो. सरबताच्या कारखान्यातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या सालींवर हे दुसरे पाऊल करता येण्यासारखे आहे. मात्र त्या साली साखरेच्या पाकात भिजलेल्या असतात, त्यामुळे आधी पाण्याने धुऊन त्यांतली साखर काढावी लागते, नाहीतर वाळताना त्या चिकट राहतात आणि इथेनॉल आत शिरत नाही.